पुदिना, टेम्स आणि बालाघाटाचे पाणी

आमच्या येडशीकडे पाण्याला नुसते 'पाणी' म्हणून कोणी थांबत नसे. ते गोडे असे, सवळ असे, मचूळ असे. हलके असे किंवा जड असे. ज्या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते ते हलके. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, न्हाल्यावर केस राठ होतात आणि तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरी पुटे चढतात ते जड. ही परीक्षा बायकांनी ठरवलेली होती आणि तिला प्रयोगशाळा लागत नव्हती. १८४१च्या सुमारास स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनच्या टॉमस क्लार्क या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने पाण्याचा जडपणा मोजण्याची जी रीत काढली, तीही साबणाचीच होती. ठरावीक तीव्रतेचे साबणाचे पाणी थेंबाथेंबाने घालत जायचे आणि फेस टिकायला किती लागले ते पाहायचे. धुणे धुणारीची परीक्षा त्याने बाटलीत भरली आणि तिला आकडा दिला, एवढेच.

गेल्या पंधरावीस वर्षांत हे शब्द मागे पडले. आता पाणी दोनच जातींचे उरले आहे : नळाचे आणि फिल्टरचे. नळाचे म्हणजे वापरायचे, फिल्टरचे म्हणजे प्यायचे. एक हिणकस, दुसरे शुद्ध. ही विभागणी माणसापुरती होती तोवर त्यात मी लक्ष घातले नव्हते. परंतु आता ती शेतात शिरली आहे. मातीविना, खतांच्या पाण्यात भाजी पिकवण्याची पद्धत, म्हणजे हायड्रोपोनिक्स, आमच्या भागातल्या तरुणांपर्यंत पोहोचली आहे. शेडनेटखाली पाइप मांडून पालेभाजी लावू पाहणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "काका, टाकीत नळाचं सोडू का फिल्टरचं?" जुने अहवाल आणि नियतकालिके चाळण्याचा मला नाद आहे, हे गावात ठाऊक असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. मी शेतीशास्त्राची पदवी घेतलेला माणूस नव्हे. पण या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा तो सव्वातीनशे वर्षे जुना निघाला. इतकेच नव्हे, तर पाण्यातल्या शेतीचा सगळा इतिहासच या एका प्रश्नाभोवती फिरलेला दिसला. तो इतिहास आणि त्यातून आमच्यासारख्या दुष्काळी भागाने काय घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

नळ विरुद्ध शुद्ध : लंडन, १६९२

सुरुवात करावी लागते ती एका विलोच्या झाडापासून. ब्रसेल्सच्या यान बाप्तिस्ता व्हान हेल्माँट या वैद्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरली आणि तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला पावसाचे, आणि गरज पडली तर ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफेचे थंड करून मिळवलेले पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त दोनेक औंसांनी कमी झाली होती. हेल्माँटने निष्कर्ष काढला की झाड केवळ पाण्यापासून होते. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८मध्ये, हे लेखन प्रसिद्ध झाले आणि पुढची पन्नास वर्षे विद्वानांना पटत राहिले.

त्याला खोडणारा जॉन वुडवर्ड हा लंडनचा वैद्य. दगड आणि जीवाश्म गोळा करणारा म्हणून तो अधिक ओळखला जातो. झाड जर पाण्यापासूनच होत असेल, तर ते कोणत्या पाण्यात वाढवले याने फरक पडू नये, असा त्याचा सरळ तर्क होता. २० जुलै १६९१ रोजी त्याने काचेच्या बाटल्यांत पुदिन्याची रोपे ठेवली : एक झऱ्याच्या पाण्यात, एक पावसाच्या, एक टेम्स नदीच्या. बाटल्यांची तोंडे बांधली, म्हणजे पाणी उडून न जाता रोपातूनच जाईल. ७७ दिवसांनी रोपे तोलली. झऱ्याच्या पाण्यातले रोप १५ ग्रेन वाढले होते, पावसाच्या पाण्यातले साडेसतरा ग्रेन आणि टेम्सच्या पाण्यातले २६ ग्रेन. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) त्या काळची टेम्स म्हणजे शहराची घाण वाहून नेणारी नदी. स्वच्छ झऱ्यापेक्षा तिच्यात पुदिना पाऊणपट अधिक वाढला.

पुढच्या वर्षीचा प्रयोग तर थेट आमच्या मुलाच्या प्रश्नावरच आहे. या वेळी वुडवर्डने हाइड पार्कमधल्या जलवाहिनीचे पाणी घेतले. त्याला त्या काळचे नळाचे पाणी म्हणायला हरकत नाही. काही बाटल्यांत तेच पाणी नुसते ठेवले, काहींत त्यात बागेची माती कालवली, आणि एका बाटलीत हेच पाणी ऊर्ध्वपातित करून भरले. ५६ दिवसांनी नुसत्या नळाच्या पाण्यातली दोन रोपे १२८ आणि १३९ ग्रेन वाढली होती. माती कालवलेल्या पाण्यातली १६८ आणि २८४ ग्रेन. शुद्ध केलेल्या पाण्यातले रोप वाढले फक्त ४१ ग्रेन.

वुडवर्डचा हा निबंध १६९९मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पाण्यात वनस्पती वाढवण्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख नेहमी होतो. परंतु त्याच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रोपाच्या वजनात एक भाग वाढ व्हायला पाण्याचे किती भाग खर्ची पडले, हे त्यात दिले आहे. शुद्ध पाण्यात हा आकडा २१४ आहे. नळाच्या पाण्यातल्या दुसऱ्या रोपासाठी तो ९४ आहे, आणि माती कालवलेल्या पाण्यातल्या सर्वांत वाढलेल्या रोपासाठी ५२. म्हणजे शुद्ध पाण्यात पुदिना केवळ कमी वाढला असे नाही, तर त्या थोड्याशा वाढीसाठी त्याने चौपट पाणी उडवले. रोपे मोजकीच होती, एकेका रोपावर भिस्त ठेवणे आजच्या शास्त्राला मान्य होणार नाही, हे खरेच. पण दिशा पक्की आहे आणि पुढच्या संशोधनाने ती खरी ठरवली. उपाशी झाड पाणी पीत राहते आणि हवेत सोडत राहते. त्याची वाढ मात्र होत नाही. दुष्काळी भागातल्या माणसाने हा रकाना मनात ठेवावा. त्याच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

प्रयोगशाळेला शुद्ध पाणी का लागले

मग हायड्रोपोनिक्सच्या पुस्तकात ऊर्ध्वपातित पाण्याचे एवढे प्रस्थ कुठून आले? ते आले शास्त्रज्ञांच्या वेगळ्या गरजेतून.

वुडवर्डला टेम्सच्या पाण्यात 'काहीतरी' आहे हे कळले. त्याने त्याला ढोबळपणे माती म्हटले. हे 'काहीतरी' नेमके काय, हे शोधायला पुढे दीडशे वर्षे गेली. फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु मोंसो याने अठराव्या शतकाच्या मध्यास सेन नदीच्या गाळलेल्या पाण्यात ओकसारखी झाडेसुद्धा कित्येक वर्षे जगवली. १८०४मध्ये निकोला-तेओदोर द सोस्यूर याने दाखवले, की झाडाच्या शरीराचा मोठा भाग हवेतल्या कार्बन वायूपासून आणि पाण्यापासून होतो, आणि मुळे जमिनीतून मोजकेच क्षार घेतात. हेल्माँटच्या विलोचे कोडे तिथे सुटले. १८६०च्या सुमारास जर्मनीत युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी पोटॅश, चुना, मॅग्नेशियम, नत्र, स्फुरद, गंधक आणि लोह यांचे ठरावीक क्षार शुद्ध पाण्यात विरघळवून त्यात झाडे वाढवली. आता त्यांचा प्रश्न 'झाड कसे वाढेल' हा राहिला नव्हता. 'झाडाला कशाची गरज आहे' हा होता. हा प्रश्न सोडवायचा तर पाण्यात आधीपासून काहीही असता कामा नये. पाटी कोरी हवी, तरच तिच्यावर काय लिहिले ते वाचता येईल.

ही पाटी खरोखर कोरी करणे किती अवघड, हे विसाव्या शतकात कळले. बोरॉन झाडाला लागते हे इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३मध्ये दाखवले. जस्ताची गरज १९२६मध्ये सिद्ध झाली. त्याआधी साठ वर्षे लोक पाण्यात झाडे वाढवत होते, तरी हे कोणाला कळले नव्हते. कारण शुद्ध म्हणून घेतलेल्या पाण्यात भांड्यांतून आणि खतांच्या क्षारांतून हे घटक कणाकणाने उतरत होते, आणि झाडाला तेवढे पुरत होते. नळाच्या पाण्याला वास येतो तो क्लोरीन. त्याचे क्लोराइड हे रूप झाडाला अल्प प्रमाणात आवश्यक असते, हे तर १९५४मध्ये सिद्ध झाले.

शुद्ध पाणी, म्हणजे, शोधाचे हत्यार होते. झाडाची ती मागणी कधीच नव्हती. प्रयोगशाळेतून पद्धत बाहेर आली, तेव्हा तिच्यासोबत हे हत्यारही सोवळ्यासारखे बाहेर आले.

शेतावर आलेली पद्धत

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी १९२९च्या सुमारास ही पद्धत प्रयोगशाळेबाहेर नेण्याचा विचार मांडला आणि १९३७मध्ये तिला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव छापून दिले. वर्तमानपत्रांनी मोठा गाजावाजा केला. तेव्हा त्याच विद्यापीठाचे डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८मध्ये एक पुस्तिका काढून लोकांना जमिनीवर आणले. पाण्यात जादू नाही, चांगल्या जमिनीत येते त्याहून फार अधिक पीक पाण्यात येत नाही, असा तिचा सूर होता. त्यांच्या नावाचे पोषणद्रावण आजही जगभर वापरले जाते.

जिथे माती नव्हती तिथे मात्र ही पद्धत खरी उपयोगी पडली. पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर विमान कंपनीच्या प्रवाशांसाठी भाजी पिकवली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर अमेरिकी सैन्याने ज्वालामुखीच्या खडीत वाफे केले, आणि समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातित करून त्यांना दिले. तिथे शुद्ध पाणी वापरले गेले, कारण दुसरे पाणीच नव्हते.

भारतातला पहिला मोठा प्रयत्न याच्या उलट टोकाचा होता. १९४३च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४६मध्ये, दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कालिंपाँग भागात शोल्टो डग्लस यांनी प्रयोग सुरू केले. पंप, काचेची घरे, महागडी यंत्रे यांतले काहीही न वापरता गरिबाच्या अंगणात चालेल अशी रीत त्यांना हवी होती. खडी आणि वाळू भरलेले वाफे, त्यांवर कोरडे खत भुरभुरायचे आणि हाताशी असेल ते पाणी शिंपडायचे. 'बंगाल पद्धत' या नावाने त्यांचे पुस्तक १९५१मध्ये निघाले. आपल्या देशातल्या मातीविना शेतीचा आरंभ असा झारीने झाला आहे. आज ती आपल्यापर्यंत येते ती पाइप, टायमर आणि आरओ यंत्र अशा संचाच्या रूपात.

आमचे पाणी कसे झाले

आता बालाघाटावर येऊ. येडशी डोंगराच्या कडेवर वसलेली आहे. रामलिंगच्या घाटापलीकडे बार्शीच्या बाजूला पडलेला पाऊस सीनेतून भीमेला जातो, अलीकडचा तेरणा आणि मांजरेतून गोदावरीला. खाली सगळा काळा बेसॉल्ट. या खडकाच्या भेगांत आणि चुनखडीच्या मुरमात पाणी जितके जास्त दिवस राहते, तितका त्यात चुना आणि मॅग्नेशियम उतरत जातो. डाळ न शिजण्याचे मूळ तिथे आहे.

पूर्वी पाणी आडाचे आणि विहिरीचे असे. ते वरच्या थरातले, त्या त्या वर्षीच्या पावसाचे. १९७२च्या दुष्काळाने हे चित्र बदलले. विहिरी कोरड्या पडल्या, खडक फोडणारी यंत्रे आली आणि गावोगाव विंधन विहिरी झाल्या. हापसा, जो पुढे देशभर 'इंडिया मार्क टू' म्हणून गेला, त्याचे पूर्वज आपल्याच भागातले : जालना आणि सोलापूर येथे तयार झालेले पंप. हापशाने लाखो बायकांची वणवण कमी केली, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्याबरोबर पाण्याची जातही बदलली. आपण खोलवरचे, जुने, अधिक क्षारांचे पाणी पिऊ लागलो. पुढे विजेचे पंप आले आणि बोअर आणखी खोल गेले.

त्यानंतर आले दुरून आणलेले पाणी. जिल्ह्याच्या गावाला उजनीचे पाणी डोंगर चढून येते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तीही येडशीवरूनच गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. याच मार्गावर एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी धावत असे. १९११मध्ये ती लातूरला पोहोचली होती. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात रेल्वेला पाण्याची जात पाहावीच लागे, कारण जड पाण्याने बॉयलरला आतून पुटे चढत. इंजिनाला चालणारे पाणी वेगळे आणि माणसाला चालणारे वेगळे, हे त्या काळच्या रेल्वेवाल्यांना पाठ होते.

हाच भेद झाडाला लावायला हवा. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते : विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतील, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. मराठवाड्यातल्या अनेक विहिरींत उकिरड्यांमुळे आणि युरियामुळे नायट्रेट या मर्यादेपलीकडे गेलेले आढळते. तान्ह्या बाळासाठी ते घातक. पण नायट्रेट हेच तर झाडाचे मुख्य अन्न. हायड्रोपोनिक्सवाला ते पैसे देऊन विकत आणतो. चुना आणि मॅग्नेशियम यांचेही तेच. उलट, जे माणसाला विशेष बाधत नाही ते झाडाला जाचते. पाण्यातले बायकार्बोनेट द्रावणाचा सामू वर चढवत नेते. मग लोह पाण्यात असूनही मुळांना उचलता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. आणि खरा शत्रू म्हणजे सोडियम. झाड ते घेत नाही, टाकीत तेच पाणी फिरत राहते, आणि दर आठवड्याला सोडियम साचत जाते. वुडवर्डच्या पुदिन्याला टेम्स मानवली, पण सवळ पाणी कदाचित मानवले नसते.

त्यामुळे टीडीएस मीटरचा एक आकडा या कामी अपुरा आहे. दोन विहिरींचा आकडा सारखाच आठशे येईल. एकीत तो चुन्याचा असेल आणि दुसरीत मिठाचा. एक अर्धे खत आहे, दुसरे विष.

विलोचे झाड पुन्हा

सगळ्याच मातीविना पिकांना हा प्रश्न लागू होत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यात 'हायड्रोपोनिक चारा' बराच गाजला. मका भिजवायचा, मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरून पाणी शिंपडायचे. सातआठ दिवसांत हिरवागार गालिचा. एक किलो मक्याचा पाचसहा किलो चारा होतो, असे सांगितले गेले आणि ते खरेही आहे. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने या चाऱ्याचा अभ्यास केला आहे. त्यातून आणि इतरत्र झालेल्या कामातून जे दिसते ते असे : ओल्या वजनात पाचसहापट वाढ होते, पण कोरडे वजन मूळ दाण्यापेक्षा थोडे घटते. वाढलेले वजन पाण्याचे असते. जनावराला कोवळा, पचायला सोपा चारा मिळतो हा लाभ आहे. पण एकाचे पाच झाले, असे मानणे म्हणजे तराजूकडे पाहून हेल्माँटसारखा निष्कर्ष काढणे होय. या चाऱ्याचे सगळे अन्न दाण्यातच असते. म्हणून त्याला नळाचे पाणी पुरते. बुरशी लागू नये म्हणून ट्रे आणि बी स्वच्छ ठेवावे लागते, इतकेच. चाऱ्यासाठी फिल्टर लावणे हा निव्वळ अपव्यय आहे.

पालेभाजी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचे तसे नाही. त्यांना पाण्यातूनच जेवायचे असते. तिथे निवड करावी लागते.

'फिल्टर' म्हणजे कोणता?

निवड करण्याआधी शब्द तपासावा, कारण 'फिल्टर' या एका नावाखाली चार वेगळी कामे चालतात.

पहिले काम गढूळपणा काढण्याचे. ते फार जुने आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त पाणी निवळवण्यासाठी ज्या वस्तू सांगितल्या, त्यांत निवळीचे बी आहे. आपल्या आज्यांनी निवळी आणि तुरटी वापरलीच. १८२९मध्ये लंडनच्या चेल्सी भागात जेम्स सिम्पसनने वाळूचे मोठे गाळणे उभारले, ते याच कामाची पुढची पायरी. यात गाळ जातो, विरघळलेले क्षार जसेच्या तसे राहतात. दुसरे काम जंतू मारण्याचे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो ते हेच. हा क्लोरीन झाडांना घाबरण्याजोगा नसतो. पाणी उघड्या टाकीत एक रात्र ठेवले की बहुतेक उडून जातो. तिसरे काम जड पाणी मऊ करण्याचे. त्याची मिठावर चालणारी यंत्रे बंगल्यांत आणि लॉजमध्ये दिसतात. ती चुना काढून घेतात आणि त्याच्या जागी सोडियम सोडतात. अंघोळीला हे पाणी उत्तम. हायड्रोपोनिक्सला यापेक्षा वाईट पाणी नाही. उपयोगी पाहुण्याला घालवून चोराला घरात घेतल्यासारखे ते आहे.

चौथे काम आरओचे. १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी खारे पाणी गोडे करणारा पडदा तयार केला. समुद्राकाठच्या तहानलेल्या गावांना त्याने जगवले. हा पडदा सोडियमसकट जवळपास सर्व क्षार अडवतो. पण त्याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. साध्या घरगुती यंत्रात चार लिटर पाणी जाते, तेव्हा साधारण एक लिटर शुद्ध मिळते आणि तीन लिटर अधिक क्षार घेऊन मोरीत जाते. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याची दखल घेतली. जिथे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालावी, आणि इतरत्र किमान ६० टक्के पाणी हाती यावे, असे निर्देश त्याने केंद्र सरकारला दिले.

आता हिशेब करू. हायड्रोपोनिक्सची मोठी ख्याती पाणी वाचवण्याची आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना या कोरड्या राज्यासाठी २०१५मध्ये केलेल्या एका अभ्यासात एक किलो लेट्यूसला शेतात सुमारे २५० लिटर आणि हायड्रोपोनिक्समध्ये २० लिटर पाणी लागते, असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात विजेचा खर्च कैक पटींनी अधिक निघाला, ते सहसा सांगितले जात नाही. हे २० लिटर पाणी घरगुती आरओमधून काढायचे तर बोअरमधून ८० लिटर उपसावे लागतील. बचत उरते, पण बारापटीची तीनपट होते. शिवाय साठ लिटर खारट पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरतोच. ते शेजारच्या जमिनीत मुरले, तर काही वर्षांनी त्याच बोअरमध्ये परत येईल.

मग काय करावे

इतिहासाकडून थेट सल्ला मागू नये म्हणतात, पण इथे तो बराच स्पष्ट मिळतो. आधी पाण्याची ओळख करून घ्यावी. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत सामू, विद्युतवाहकता, बायकार्बोनेट, चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि क्लोराइड हे सगळे तपासून मिळते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासावे, कारण बोअरचे पाणी वर्षभर एकसारखे राहत नाही. सोडियम कमी असेल आणि जडपणा चुन्याचा असेल, तर नळाचेच पाणी घ्यावे. त्यात चुना आधीच आहे, तेव्हा कॅल्शियम नायट्रेट तेवढे कमी टाकावे आणि फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्लाने सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणावा. ठिबकच्या नळ्यांतली पुटे काढायला आम्ल सोडणाऱ्या आमच्या द्राक्षबागायतदारांना हे काम नवे नाही. सोडियम जास्त असेल तर मात्र ते पाणी एकटे वापरू नये.

आणि अशा पाण्यासाठीही आरओच्या आधी एक पर्याय आहे, तो आकाशातून फुकट येतो. जुन्या वैद्यकग्रंथांनी पावसाच्या पाण्याला सर्व पाण्यांत श्रेष्ठ मानले. रसायनाच्या दृष्टीने ते ऊर्ध्वपातित पाण्याचे सख्खे भावंड आहे; फरक इतकाच, की ते तयार करताना मोरीत काही जात नाही. शंभर चौरस मीटरच्या छतावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी छप्पन्न हजार. पाऊस निम्मा झाला तरी अठ्ठावीस हजार. पॉलिहाउसचे छत तर यासाठी आयतेच तयार असते. आठशे मिलिग्रॅमच्या बोअरच्या पाण्यात तितकेच पावसाचे पाणी मिसळले, की क्षार चारशेच्या आसपास येतात आणि सोडियम निम्मे होते. नळाचे की फिल्टरचे, या प्रश्नाचे आमच्या भागापुरते उत्तर बहुतेक वेळा 'नळाचे आणि छताचे, मिसळून' असे येईल. एवढे करूनही सोडियम आवाक्याबाहेर राहिले, तरच आरओकडे वळावे. तेही टाकून दिलेल्या पाण्याची सोय आधी लावून.

शुद्ध पाण्याबद्दलची आपली ओढ समजण्यासारखी आहे. पटकी आणि काविळीच्या साथींनी ती आपल्याला शिकवली आणि प्यायच्या पाण्यात ती सुटू नये. पण झाडाच्या दृष्टीने शुद्ध पाणी म्हणजे रिकामे ताट आहे. ते आधी रिकामे करायला तिप्पट पाणी सांडायचे आणि मग दुकानातून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणून भरायचे, हे श्रीमंत पाण्याच्या देशाला परवडेल. वाघिणीतून पाणी आलेल्या भागाने तरी वुडवर्डच्या तक्त्यातला तो शेवटचा रकाना आपल्या वहीत आखावा : एक भाग वाढीला पाण्याचे किती भाग गेले. त्यात मोरीत गेलेले पाणीही धरावे. मग नळाचे की फिल्टरचे, हे प्रत्येकाला आपापल्या विहिरीपुरते स्वतःच सांगता येईल.